घरी आला तो शिकवायला नाही, विकायला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात बायजूसच्या, म्हणजे अॅपवरून शिकवणाऱ्या त्या कंपनीच्या, कोर्टकचेरीची बातमी होती, आतल्या पानावर, दोन कॉलमात. चहा गार होईपर्यंत मी ती वाचत बसले आणि मग दिवसभर डोक्यातून गेलीच नाही, म्हणून हे पत्र लिहितेय. लांब झालंय, माहितीये मला, पण शक्यतो कापू नका.

मी विट्यात एकवीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेते, आठवी ते दहावी. घराच्या मागच्या खोलीत एक फळा, चार बाकं आणि एका बॅचला चौदाच मुलं, पंधरावं घेत नाही कारण पंधराव्याची वही बघायला वेळ उरत नाही. त्यामुळे शिकवण्याच्या धंद्यातलं मला थोडंफार कळतं, पैशातलं फार कळत नाही, आणि मला जे सांगायचंय ते शिकवण्यातलंच आहे.

ही कंपनी काढणाऱ्या बायजू रवींद्रन ह्या माणसाबद्दल आता दोनच प्रकारचं ऐकू येतं. काही लोक म्हणतात सगळं लबाडीचंच होतं पहिल्यापासून, आणि काही म्हणतात काय डोकं होतं राव, फक्त नशीब फिरलं. मला दोन्ही पटत नाही. तो माणूस पहिल्यापासून लबाड नव्हता, तो शिक्षक होता, आणि चांगला शिक्षक होता, म्हणून तर एवढा जीव तुटतो.

त्याची सुरुवात बघा ना. केरळातल्या कन्नूर जिल्ह्यातलं अझिकोड हे गाव, आईवडील दोघंही शिक्षक, आई गणित शिकवायची आणि वडील फिजिक्स, आणि हा त्यांच्याच शाळेत मल्याळम माध्यमात शिकला. खेळाचं भयंकर वेड, रेडिओवरची कॉमेंट्री ऐकून ऐकून इंग्रजी सुधारलं असं त्यानंच सांगितलंय. आपल्याकडची जिल्हा परिषदेच्या मास्तरांची मुलं असतात तसंच की हे. मग कन्नूरच्या सरकारी कॉलेजातून इंजिनीअर झाला, जहाजांच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनीअर म्हणून लागला. 2003 साली सुट्टीवर बेंगळुरूला आला होता तेव्हा मित्र कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास करत होते, त्यांना ह्यानं मदत केली, सहज म्हणून स्वतःही पेपर दिला आणि 100 पर्सेंटाईल पडले. पुढे परत दिला, परत 100. आयआयएमला मात्र गेला नाही. नोकरी सोडली आणि शिकवायला लागला.

पहिलं लेक्चर फुकट, आवडलं तर पुढच्याचे पैसे द्या, अशी त्याची पद्धत होती. ह्या एका गोष्टीसाठी मी त्याला नमस्कार करते. कारण त्यात मास्तर स्वतःला पणाला लावतो, आधी माझं शिकवणं बघ, तुला समजलं तर थांब, नाही समजलं तर तुझी वाट मोकळी. खोली पुरेना म्हणून हॉल घेतला, हॉल पुरेना म्हणून मोठं ऑडिटोरियम, आणि शेवटी स्टेडियममध्ये हजारो मुलांपुढे शिकवायला लागला, आठवड्यात ह्या शहरातून त्या शहरात, आपल्या पुण्या-मुंबईतसुद्धा. त्याच्याच वर्गात बसलेली एक मुलगी, दिव्या गोकुलनाथ, पुढे त्याची बायको झाली आणि कंपनीत बरोबरीनं उभी राहिली, त्यासुद्धा शिकवायच्याच. 2009 पासून व्हिडिओवरून शिकवणं, 2011 मध्ये थिंक अँड लर्न ही कंपनी, आणि 2015 च्या ऑगस्टमध्ये शाळेच्या मुलांसाठी अॅप.

ते व्हिडिओ मी पाहिलेत. माझ्या क्लासमधल्या एका मुलीनं मोबाईलवर दाखवले होते, आणि खरं सांगते, चांगले होते. मी फळ्यावर खडूनं जी आकृती काढायला पाच मिनिटं लावते ती तिथे डोळ्यांपुढे फिरते, तुकडे होतात, परत जुळतात, रंग बदलतात. मला हेवा वाटला. असं साधन गावातल्या प्रत्येक शाळेत असावं असंच वाटलं, आजही वाटतं. तेव्हा कुणी असं समजू नका की ही जुन्या वळणाची बाई आहे आणि हिला मोबाईलचाच राग आहे.

पण व्हिडिओला एक गोष्ट येत नाही, ती म्हणजे समोरचं पोर बघणं.

सातवी-आठवीत बैजिक सूत्रं येतात, ए अधिक बी कंसाचा वर्ग. दर वर्षी निम्मी पोरं ए वर्ग अधिक बी वर्ग असं लिहून मोकळी होतात, टू एबी गायब. समजलं का विचारलं की सगळे एका सुरात हो म्हणतात. त्या हो वर मी गेल्या एकवीस वर्षांत कधी विश्वास ठेवला नाही. मी वहीवर नजर ठेवते. पुढचं गणित घातलं की ज्याला समजलं नाही त्याचं पेन बरोबरच्या खुणेपाशी थांबतं, तो शेजारच्याच्या वहीत एक डोळा टाकतो आणि मग पटकन काहीतरी लिहितो. ते थांबलेलं पेन दिसलं की मी त्याला फळ्यापाशी बोलावते. जुन्या कॅलेंडरचा कागद असतो माझ्याकडे, त्याचा दहा बाय दहाचा चौकोन कापलेला, त्यावर सात आणि तीन अशा रेघा मारायला लावते. सातचा वर्ग किती, एकोणपन्नास. तीनचा वर्ग किती, नऊ. मिळून अठ्ठावन्न. आणि अख्खा कागद किती, शंभर. मग बेचाळीस कुठे गेले रे बाळा? मग तो कागदाकडे बघतो आणि ते दोन लांबट आयत त्याला दिसतात, सात त्रिक एकवीस आणि परत एकवीस. त्या वेळी त्याचा चेहरा जो उघडतो ना, तो बघायलाच मी हा उद्योग करते. एकदा ते बेचाळीस त्याच्या हाताला लागले की तो टू एबी जन्मात विसरत नाही.

हे बघणं बायजू रवींद्रनला येत होतं. हजारोंच्या स्टेडियममध्ये प्रत्येक चेहरा दिसत नसेल, पण हॉल हलतोय की गप्प बसलाय हे शिक्षकाला पाठमोरं असतानासुद्धा कळतं, कुठे हसले, कुठे खुर्च्या वाजायला लागल्या, सगळं कळतं. व्हिडिओ निघाला तिथे हे बघणं संपलं, आणि त्यात चूक काही नाही, व्हिडिओचा तो स्वभावच आहे. मग अशा वेळी काय करायला हवं होतं? व्हिडिओनं शिकवायचं ते शिकवू द्यायचं आणि माणसाला बघायला ठेवायचं. शिकलेली माणसं पगारावर घ्यायचीच होती तर ती पोराशेजारी बसायला घ्यायची होती, थांबलेलं पेन ओळखायला.

कंपनीत माणसं तर हजारोंनी भरली. 2022 मध्ये पन्नास हजारांच्या आसपास नोकर होते म्हणतात, एवढी तर आपल्या विट्याची वस्ती. आणि त्यातली पोराच्या घरापर्यंत, सोफ्यापर्यंत, कपबशीपर्यंत येऊन पोचणारी माणसं कोणती होती? विकणारी. म्हणजे ज्या धंद्याचा जीवच समोरासमोर बसण्यात आहे त्या धंद्यातलं समोरासमोर बसणं फक्त विक्रीसाठी राखून ठेवलं. शिकवायला स्क्रीन आणि विकायला माणूस. संपादक साहेब, एवढं एकच मला सांगायचंय, बाकी सगळं ह्याच्याच भोवतीचं आहे. नंतर त्यांनी ऑनलाइन वर्गात दोन-दोन शिक्षक आणले, 2022 मध्ये ट्युशन सेंटरं काढली, हे मला माहितीये, पण तोपर्यंत गाडा कुठल्या दिशेनं ओढायचा ते ठरून गेलं होतं.

आणि हे एकट्या बायजूसचं नव्हतं, त्यांचं बघून सगळेच तसं करायला लागले. आमच्या गल्लीतलं सांगते. कंपनी बायजूस नव्हे, दुसरीच होती, नाव घेत नाही. 2021 चा पावसाळा, शाळा बंदच, शेजारच्या वहिनींचे मिस्टर यंत्रमागावर जॉबर आहेत, माग दुरुस्त करतात, आणि तेव्हा माग आठवड्यातनं तीन दिवस चालायचे. मुलगा नववीत. त्याच्या मोबाईलवर कसली तरी फुकट परीक्षा आली होती, त्यानं नाव नंबर भरला, आणि चार दिवसांनी एक मुलगा घरी आला, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड, पाठीवर बॅग. अगदी नम्र. ताई, दादा, पाणी घेतो, चप्पल बाहेर काढतो. मी त्यांच्याकडे कोथिंबीर द्यायला गेले होते म्हणून मला हे सगळं दाराशी उभं राहून दिसलं.

त्यानं पोराला एक गणित घातलं. पोरगं गोंधळलं, कुणीही गोंधळेल, आई बाप आणि अनोळखी माणूस तिघं तोंडाकडे बघताहेत म्हटल्यावर. तो मुलगा एक मिनिटभर काही बोलला नाही. मग वहिनींकडे वळून हळू आवाजात म्हणाला, ताई, पाया कच्चा राहिलाय, पण अजून वेळ गेलेली नाही. झालं. वहिनींचा चेहरा उतरला तो मी बघितला. जॉबर दादा खाली मान घालून बसले. पोरगं आत निघून गेलं. पुढच्या अर्ध्या तासात छत्तीस हजारांचा कोर्स ठरला, महिना दोन हजार, अठरा महिने, सोबत टॅब. रजिस्ट्रेशनसाठी ओटीपी येईल तो सांगा म्हणाला, दादांनी सांगितला. ते कर्ज होतं, त्यांच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज, हे त्यांना पुढच्या महिन्यात खात्यातनं पैसे कापल्याचा मेसेज आला तेव्हा कळलं. त्यांना वाटलं होतं क्लासची फी आहे, नको झालं की बंद. बंद करायला फोन केला तर म्हणे मुदत पंधरा दिवसांची होती, ती संपली. तो नम्र मुलगा फोन उचलेना, आणि कंपनीच्या नंबरवर एक दाबा दोन दाबा. एक हप्ता चुकला तर वसुलीवाल्याचा फोन मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. अठराच्या अठरा हप्ते भरले त्यांनी, दोन महिने वहिनींची भिशी त्यात गेली.

आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते पैशाचं नाही. पोरानं नंतर दोन वर्षं गणिताच्या पुस्तकाला हात लावताना तोंड बारीक करायचं सोडलं नाही. माझा पाया कच्चा आहे काकू, असं तो स्वतःच म्हणायचा. एका परक्या माणसानं दोन मिनिटांत लावलेलं लेबल. दहावीला माझ्याकडे आणला त्याला, तर पाया काहीही कच्चा नव्हता, अपूर्णांकांचा छेद समान करताना घाई करायचा एवढंच.

आता दुसरी बाजू. माझा भाचा, बहिणीचा मुलगा, मेकॅनिकल करून वर्षभर घरी बसला होता, मग पुण्यात अशाच एका कंपनीत लागला, हीपण वेगळी, हिचंही नाव घेत नाही. पोस्टचं नाव मोठं छान होतं, काम विकायचं. पाच महिन्यांत सोडून आला. दिवाळीत माझ्याकडे आला होता तेव्हा रात्री जेवणानंतर सगळं बोलला. रोज इतके कॉल झालेच पाहिजेत, आठवड्याचं टार्गेट, टार्गेट नाही झालं तर ग्रुपवर सगळ्यांपुढे नाव. आई बाप दोघं घरी असतील तेव्हाच डेमोला जायचं, एकटी आई असली तर विचारून सांगते म्हणते. पेन पॉइंट शोधायचा, म्हणजे दुखतंय कुठे ते, मोठ्या बहिणीला कमी मार्क पडले होते का, चुलत भाऊ हुशार आहे का, ते धरून बोलायचं.

आणि मग तो जे म्हणाला ते मी आजही विसरले नाही. म्हणाला, मावशी, गणित घालायचं पण सोडवून दाखवायचं नाही असं ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं. पूर्ण सोडवून दाखवलं तर पालकांना वाटतं झालं की, समजलं त्याला. अर्धं ठेवायचं. एकदा साताऱ्याकडे एका घरी सातवीतल्या मुलीला ह्यानं न राहवून शेवटपर्यंत समजावून सांगितलं, पोरगी खूश झाली, अजून घाला म्हणाली, तिच्या वडिलांनी ह्याला चहा पाजला, धन्यवाद म्हणाले आणि कोर्स घेतला नाही. त्या दिवशी साहेबाच्या शिव्या खाल्ल्या त्यानं.

मला सांगा, हा मुलगा शिकवू शकत होता की नाही? त्याच्या समोर पोर होतं, वही होती, त्याला उत्तर येत होतं, आणि त्याला पगार मिळत होता तो उत्तर न सांगण्याचा. बायजू रवींद्रन 2003 साली बेंगळुरूत मित्रांच्या खोलीवर बसून जे करत होता त्याच्या बरोब्बर उलट. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरातले इंजिनीअर झालेले पोरगे पोरी असल्या नोकऱ्यांत जाऊन आलेत, त्यांना शिव्या देऊ नका, त्यांनाही तिथे कुणी विचारलं नाही की बाबा तुला शिकवायला आवडेल का.

पैशाचं थोडक्यात लिहिते, ते तुमच्या पेपरात येऊन गेलंय. फेसबुकवाल्या झुकरबर्ग नवराबायकोच्या संस्थेचा पैसा आला 2016 ला, शाहरुख खान जाहिरातीत आला, 2019 ला टीम इंडियाच्या जर्सीवर नाव लागलं. कोरोनात तर धो धो पैसा. मुलांना कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनियर 30 कोटी डॉलरला, मग आकाश क्लासेस जवळजवळ 100 कोटी डॉलरला, ग्रेट लर्निंग, एपिक, टॉपर, एकामागून एक कंपन्या विकत घेतल्या. 2022 मध्ये कंपनीची किंमत 2,200 कोटी डॉलर धरली होती. त्याच वर्षी कतारच्या फुटबॉल वर्ल्ड कपवर नाव आणि मेस्सी ब्रँड अॅम्बॅसेडर. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, दीड वर्ष उशिरा, 2020-21 चा हिशोब बाहेर आला, तोटा 4,588 कोटी रुपये. मी कागदावर भागाकार करून बघितला, रोजचे साडेबारा कोटी, रविवार धरून. मेस्सीची घोषणा व्हायच्या महिनाभर आधी अडीच हजार लोकांना कामावरून काढणार म्हणून जाहीर केलेलं. 2023 च्या जूनमध्ये ऑडिटर डेलॉइटनं राजीनामा दिला, मोठ्या गुंतवणूकदारांचे तीन डायरेक्टर बाहेर पडले. पगाराला पैसे नाहीत म्हणून रवींद्रननी घरं गहाण ठेवली असंही छापून आलं, आणि मला ते वाचून आनंद झाला नाही. 2024 च्या जुलैत क्रिकेट बोर्डाच्या 158.9 कोटींच्या थकबाकीवरून दिवाळखोरीची केस दाखल करून घेतली गेली, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं बोर्डाशी झालेली तडजोड बाजूला ठेवली, आणि त्याच महिन्यात रवींद्रननी स्वतःच सांगितलं की कंपनीची किंमत आता शून्य. कॉमेंट्री ऐकून इंग्रजी शिकलेला मुलगा आणि क्रिकेट बोर्डाची केस, काय म्हणावं. अमेरिकेत कर्जाच्या पैशावरून वाद चालूच आहे, त्यात आपण काही गैर केलं नाही असं त्यांचं म्हणणं, त्याचा निकाल कोर्ट लावेल, ते माझं काम नाही.

पण सगळा दोष एकट्याच्या माथी मारू नये असं मला मनापासून वाटतं. पैसा घालणाऱ्या मोठमोठ्या लोकांना दर तिमाहीला आकडा वाढलेला हवा होता. पोराला अपूर्णांक समजायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतातच, त्याला तिमाही कळत नाही. विक्री मात्र टार्गेट लावून वाढवता येते. मग जे वाढवता येतं त्याच्यामागे सगळे धावले, आणि शिकवणं हळूहळू वाढणारं म्हणून मागे पडलं. आणि आपणही, पालक म्हणून, भीतीला लवकर भुलतो, हेही खरंय. सहा वर्षांच्या पोरानं कोडिंग नाही केलं तर ते मागे पडणार असल्या जाहिराती चालल्याच ना आपल्या घरात टीव्हीवर, 2020 मध्ये जाहिरातींच्या मानक परिषदेनं व्हाइटहॅटच्या काही जाहिराती मागे घ्यायला लावल्या तोवर कितीतरी लोकांनी पैसे भरले होते.

तंत्रज्ञानाचा आणि शिक्षकाचा जोड जमतच नाही असं कुणी म्हणू नये म्हणून एक उदाहरण आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातलं देते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे डिसले गुरुजी, जिल्हा परिषदेची शाळा, त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड आले, आणि 2020 ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकली. त्यांनी धंदा नाही काढला, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही, कबूल. पण तिथे स्क्रीनच्या शेजारी गुरुजी होते. आणि अमेरिकेतले सलमान खान, खान अकॅडमीवाले, त्यांचीही सुरुवात त्याच सुमारास, 2004 साली, मामेबहिणीला की चुलतबहिणीला फोनवरून गणित शिकवण्यातून झाली, आणि त्यांनी पुढे ना नफा तत्त्वावर संस्था काढली. रवींद्रन आणि खान, दोघांची सुरुवात अगदी सारखी, जवळच्या माणसाला शिकवण्याची. रस्ते किती वेगळे गेले. प्रयागराजचे अलख पांडे, फिजिक्सवाला, तेही युट्यूबवर शिकवत शिकवतच मोठे झाले आणि आता त्यांची कंपनी शेअर बाजारात आलीये. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की बायजूसचा इतिहास टेबलावर ठेवा, फीच्या आकड्यांसाठी नाही, घरी कोण जातो ते बघण्यासाठी.

आता जे व्हायला हवं ते. केंद्राच्या शिक्षण खात्यानं 2021 च्या डिसेंबरमध्येच पालकांना सावध केलं होतं की अशा कंपन्यांना खात्यातनं आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका, कर्जाच्या कागदावर सही करताना बघा. किती जणांपर्यंत पोचलं? आमच्या गल्लीत एकालाही माहीत नव्हतं. 2022 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगानं रवींद्रनना बोलावून घेतलं, त्यानंतर कंपनीनं घरोघरी विक्री बंद करतो म्हणून सांगितलं. म्हणजे विचारलं की थांबतं. 2024 च्या जानेवारीत क्लासेससाठी केंद्राच्या सूचना आल्या, त्यात आहे की मुलानं मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची. मी माझ्या क्लासमध्ये पहिल्यापासून तसंच करते, त्यात काही अवघड नाही. माझी मागणी एवढीच की आपल्या राज्यानं त्याचा पक्का कायदा करावा आणि अॅपवर शिकवणाऱ्यांनाही तो नाव घेऊन लावावा. आणि दुसरं, शिक्षणासाठीचं कर्ज घरी बसून एका बैठकीत ओटीपीवर होता कामा नये. हे कर्ज आहे, हप्ता चुकला तर काय होईल, हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दोन दिवस पालकांच्या हातात राहू द्या, मग सही.

आणि तुम्हालाही एक विनंती. बायजूसच्या पुढच्या तारखेची बातमी लावाल तेव्हा कधीतरी आमच्या वहिनींसारख्या घरी बातमीदार पाठवा. गुंतवणूकदारांचे किती बुडाले ते दर वेळी छापून येतं. जॉबरच्या घरचे छत्तीस हजार, इकडे सांगली सातारा सोलापूरच्या गावागावातले असे किती, ते कुणी मोजलंय असं मला दिसलं नाही.

वहिनींचा मुलगा आता आयटीआयला आहे, फिटर. गेल्या आठवड्यात व्हर्नियरचं माप कसं वाचायचं ते विचारायला आला होता, बरोबर वाचलं त्यानं, मला फक्त मान हलवायची होती. तो टॅब त्यांच्या शोकेसमध्ये आहे, चार्जर केव्हाच हरवला.

ज्यांचे हप्ते अजून चालू आहेत त्यांच्यासाठी: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, तक्रार फुकट असते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही आणि कंपनी बेंगळुरूची असली तरी केस आपल्या जिल्ह्यात करता येते, वकील नसला तरी चालतो. आम्हाला हे दोन वर्षं उशिरा कळलं. जागा कमी पडली तर माझं बाकीचं पत्र कापा, पण हा परिच्छेद ठेवा.

कळावे,
गणिताच्या शिकवण्या घेणारी एक वाचक
विटा, जि. सांगली